जुनी बॅरल, पडक्या विटा आणि राख: आंघोळीचं पाणी तापवणारी रॉकेट चूल घरच्या घरी

तीन दगडांवर पातेलं ठेवून पाणी तापवताना जो धूर डोळ्यात जातो ना, ते जळणच असतं, न जळता निघून गेलेलं. लाकूड तापलं की त्यातून आधी वायू सुटतात आणि त्या वायूंना पेटायला साधारण ६०० अंशांच्या वर उष्णता लागते. उघड्या चुलीत गार वारा लागतो, वर पाण्याने भरलेलं गार पातेलं असतं, त्यामुळे वायू पेटायच्या आधीच थंड होतात आणि धूर होऊन जातात. म्हणजे जळण कमी पडत नाही, आग गार पडते. मग आपण अजून लाकडं कोंबतो, अजून धूर होतो, घरातल्यांची बोलणी खायची ती वेगळीच.

याच्यावरचा उपाय म्हणजे रॉकेट चूल: लाकूड आडव्या बोगद्यात जळतं, जाळ उभ्या नळीतून वर चढतो आणि भोवती हलकं सामान असल्याने आग गरम राहून धूरही तिथेच जळतो. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या ॲप्रोव्हेचो या संशोधन केंद्रात लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात याचे नियम नीट बसवले. आपल्याकडे त्याच दशकात सरकारी निर्धूर चुलींची मोहीम होती, धुराड्याला सिमेंटचे पाइप लावलेल्या त्या चुली कित्येकांच्या घरात अजून असतील. त्यात धूर घराबाहेर निघायचा पण बऱ्याच चुलींत जळणाची बचत म्हणावी तशी व्हायची नाही, कारण धूर बाहेर काढणं वेगळं आणि धूर जाळणं वेगळं.

याच चुलीचा खोली गरम करायचा हीटरही करतात, पण तो आपल्याला कोकणात किंवा मराठवाड्यात काय करायचाय, निफाडकडची थंडी सोडली तर महाराष्ट्रात त्याची गरज फार नाही. पण आंघोळीचं पाणी बाराही महिने लागतं, आणि सोलरवाल्यांचीसुद्धा पावसाळ्यात पंचाईत होते. म्हणून इथे पाण्याचाच हीटर सांगतो. खोलीच्या हीटरचं शेवटी थोडक्यात.

आधी हिशोब

४० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायचं तर ४० × ४० × ४.१८६, म्हणजे साधारण ६७०० किलोजूल लागतात. विजेत मोजलं तर पावणेदोन युनिटच्या वर. चांगल्या वाळलेल्या १ किलो लाकडात १५-१६ हजार किलोजूल असतात, म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर अर्ध्या किलोत काम झालं असतं. तीन दगडांच्या चुलीत १०-१५ टक्केच पाण्याला मिळते, म्हणून ३ ते ४ किलो जळण जातं. नीट बांधलेल्या रॉकेट चुलीत ३० टक्के धरा, म्हणजे दीड किलोच्या आत. आणि ६० अंशांचं ते ४० लिटर पाणी विसणून चार-साडेचार बादल्या होतात, घरातल्या चौघांच्या आंघोळी आरामात.

एकच गोष्ट डोक्यात ठेवा

आगीभोवती हलकं सामान, जड नाही. आपल्याकडे समज असा की चूल जितकी जाडजूड तितकी उष्णता धरून ठेवते. धरून ठेवते हे खरं, पण ती उष्णता तुमच्या पाण्याचीच ना! सकाळी अर्धा-पाऊण तास पेटणाऱ्या चुलीत दगड, काँक्रीट, वाळू घातली तर पहिली वीस-पंचवीस मिनिटं लाकडं त्या दगडालाच तापवत बसतात, आग गार राहते, धूर होतो. हवा धरून ठेवणारं पोकळ, भुसभुशीत सामान पाहिजे, राखेसारखं. यूट्यूबवर बरेच जण विटांच्या भोवती वाळू भरताना दिसतात, ते बघून करू नका.

भंगारात काय शोधायचं

२०० लिटरची लोखंडी बॅरल, शक्यतो झाकण-रिंगवाली उघड्या तोंडाची, म्हणजे वरून कापायची भानगड नाही. आधी त्यात काय होतं ते विचारा. कीटकनाशक, थिनर, केमिकल असलेली बॅरल फुकट दिली तरी नको, इंजिन ऑइलची चालते, खाद्यतेलाची असली तर उत्तमच. बंद तोंडाची मिळाली तर तिला सरळ ग्राइंडर लावू नका, रिकाम्या बॅरलमधल्या वाफेचा भडका उडून माणसं गेलीत. दोन्ही बूच काढायचे, काठोकाठ पाणी भरायचं आणि मग छिन्नी-हातोड्याने वरचा पत्रा कापायचा.

पातेलं सपाट बुडाचं आणि सरळ भिंतीचं पाहिजे. १६ इंच रुंद आणि १२-१३ इंच उंच असलं तर ४० लिटरच्या आसपास पाणी बसतं. आचाऱ्याकडचं जुनं जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं यासाठी एक नंबर. पोटवाला हंडा घेऊ नका, पुढे जी अर्ध्या इंचाची फट सांगणार आहे ती हंड्याला जमत नाही.

विटा पडक्या घराच्या चालतील, ९ × ४.५ × ३ इंचाच्या हातविटा. वजनाला हलकी, जरा नरम भाजलेली वीट घ्या. खणखणीत भाजलेली काळपट वीट भिंतीला चांगली, इथे ती जड पडते. फ्लाय ॲश विटा, सिमेंट ब्लॉक आगीच्या बाजूला अजिबात नको, सिमेंट ४००-५०० अंशांना खिळखिळं होऊन सुटायला लागतं. सिपोरेक्सचे म्हणजे हलक्या, सच्छिद्र ब्लॉकचे तुकडे मात्र बांधकामाच्या साइटवर ढिगाने पडलेले असतात, ते विटांच्या मागे भरायला मस्त, फक्त आगीसमोर येऊ द्यायचे नाहीत. ओढ्यातले गोटे तर मुळीच नको, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तापल्यावर फुटतात आणि कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

अजून दोन गोष्टी भंगारात हमखास मिळतात आणि त्या दोन्ही घरी आणू नयेत. जुने सिमेंटचे पत्रे आणि पाइप, ज्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्यांना कापू-घासू नका, ती धूळ फुफ्फुसात बसते. आणि जस्ताचा म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्रा जाळाच्या तोंडाशी वापरू नका, जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. लांब, धुराड्याला जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पाइप चालतो, तिथवर धूर बराच निवलेला असतो.

माती आणि राख

काळी माती नको. ओली झाली की फुगते, वाळली की फाटते, शेतात उन्हाळ्यात भेगा बघितल्याच असतील. वारुळाची माती मिळाली तर सोनं, आपल्या बायका चुली घालायला तीच आणायच्या. नाहीतर लाल माती, पांढरी माती, कुंभाराकडची माती. परीक्षा सोपी आहे: ओली करून लिंबाएवढा गोळा वळा, उन्हात वाळवा आणि छातीएवढ्या उंचीवरून खाली सोडा. भुगा झाला तर चिकटपणा कमी. वाळतानाच भेगा पडल्या तर वाळू कमी, एक घमेलं मातीला दोन-अडीच घमेली बारीक चाळलेली वाळू घालून परत बघा. विटा जोडायला हाच गारा, थर पातळ ठेवायचा, अर्ध्या इंचाच्या वर नको.

भरायला राख. भातगिरणीच्या बॉयलरची किंवा चुरमुऱ्याच्या भट्टीची तुसाची राख मिळाली तर तिच्यासारखं काही नाही, इतकी हलकी की पोतं एका हाताने उचलतं, आणि भट्टीवाले बहुतेक वेळा फुकट घेऊन जा म्हणतात. भरताना तोंडाला मास्क लावा, तिची धूळ बारीक आणि वाईट असते. ती नसली तर चुलीची चाळलेली राख, नाहीतर नर्सरीतलं परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट. पाच-सहा घमेली राखेला एक घमेलं पातळ मातीचं पाणी शिंपडून कालवायचं, मुठीत दाबल्यावर गोळा राहील इतपतच ओल. चिखल केलात तर पोकळपणा गेला म्हणून समजा.

बांधायला घेऊ

जागा घराबाहेर, न्हाणीच्या मागे किंवा पडवीच्या कडेला. न्हाणीघरात नको म्हणजे नकोच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद बाथरूममध्ये गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. गवताच्या छपरापासून लांब राहा. चुलीचं तोंड वाऱ्याच्या दिशेला करू नका, कोकणात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो तर तोंड पूर्वेला ठेवायचं. बॅरल जमिनीवर थेट न ठेवता सपाट विटांच्या थरावर ठेवा, पाणसळीने बघून घ्या.

बॅरलच्या बुडापासून ६ इंच वर ५ × ५ इंचाचं चौकोनी भोक पाडा. हे जळणाचं तोंड. आता आत बुडाला ३ इंच कालवलेली राख दाबून भरा, वर आडव्या विटांचा ३ इंचाचा थर, म्हणजे विटांचा माथा बरोबर भोकाच्या खालच्या कडेला येतो. त्याच्यावर विटा खड्या लावून तोंडापासून बॅरलच्या मध्यापर्यंत ५ इंच रुंद बोगदा करायचा, शेवटी मागची बाजू विटेने बंद. खडी वीट साडेचार इंच आणि गारा अर्धा इंच, झाली ५ इंच उंची.

बोगद्यावर आडव्या विटांचं छत घाला पण बरोबर मध्यभागी ५ × ५ चं भोक मोकळं सोडा, तिथून जाळ वर चढणार. या उभ्या भागाला चार विटा खड्या, भिंगरीसारख्या एकमेकींच्या टोकाला टेकवून लावतात. ९ इंची वीट आणि ३ इंच जाडी असली तर मधे ६ इंचाचा चौकोन पडतो, म्हणून प्रत्येक वीट इंचभर तासून ८ ची करायची, म्हणजे ५ मिळतात. पडक्या घराच्या विटांचे कोपरे नाहीतरी तुटलेलेच असतात त्यामुळे तासायचा त्रास फारसा होत नाही. बोगद्याच्या तळापासून उभ्या नळीची उंची १३-१४ इंच झाली की थांबा. जास्त केली तर जाळ स्वच्छ होतो पण पातेल्यापर्यंत पोचताना थकतो, कमी केली तर काजळी धरते.

विटांच्या भोवती बॅरलपर्यंत चार-पाच इंच जागा सगळीकडून उरते. त्यात सिपोरेक्सचे तुकडे आणि मधल्या फटीत राख, थराथराने हलक्या हाताने दाबून, नळीच्या माथ्यापर्यंत.

सगळीकडे ५ × ५, म्हणजे २५ चौरस इंचच का? कारण वायूचा रस्ता कुठे अरुंद झाला तर धूर तोंडातून उलटा येतो आणि कुठे रुंद झाला तर वेग जातो. तोंड, बोगदा, नळी, पातेल्याखालची फट, बाजूची फट, धुराडं, सगळ्याचं क्षेत्रफळ सारखं राहिलं पाहिजे.

फट, इथेच सगळी मजा आहे

लोक विटा नीट लावतात आणि पातेलं अंदाजाने ठेवतात, निम्मी बचत तिथेच जाते. गरम वायू पातेल्याला घासून गेला तरच उष्णता देतो. नळीच्या कडेशी फट किती? क्षेत्रफळ २५, चारी बाजू मिळून २०, भागाकार सव्वा. म्हणजे नळीच्या तोंडापासून पातेल्याचं बूड सव्वा इंच वर. पातेल्याच्या काठाशी घेर झाला साधारण ५० इंच, २५ भागिले ५०, म्हणजे अर्धा इंच. तर राखेच्या माथ्यावर माती-राखेचा गिलावा असा द्यायचा की नळीच्या कडेपासून बाहेर जाताना तो पाऊण इंच चढत जाईल, खोलगट थाळीसारखा नाही तर एकसारखा, अगदी कमी चढ, हाताने चाचपून बघा. पातेलं टेकवायला विटेचे तीन तुकडे गिलाव्यात पक्के बसवा, चार नको, तिनावर डुगडुगत नाही. ४० किलो पाण्याचं वजन येणार आहे हे लक्षात असू द्या.

आता पातेल्याभोवती पत्र्याचं कडं. दुसऱ्या बॅरलमधून किंवा काळ्या पत्र्यातून ५६ इंच लांब, १२ इंच रुंद पट्टी कापून गोल करा, दोन इंच एकावर एक घेऊन रिव्हेट मारा, १७ इंच व्यासाचं कडं होतं. पातेलं मधे बसवलं की चहूबाजूंनी अर्धा इंच फट. कडं आणि बॅरल यांच्यामध्ये पावणेतीन इंच उरतात त्यात परत राख, माथ्यावर मातीने लिंपून घ्या. पातेलं बॅरलच्या काठाच्या जरासं आत जाऊन बसतं, वरून झाकण ठेवायचं, लाकडी चालतं. झाकण ठेवायचा कंटाळा करू नका.

उघड्यावर चूल असेल तर धुराड्याशिवाय चालते, वायू काठाच्या फटीतून वर निघून जातो. पण पाणी काढताना तोच गरम वायू हाताला लागतो, म्हणून धुराडं केलेलं बरं. कड्याच्या वरच्या भागात, जळणाच्या तोंडाच्या समोरच्या बाजूला ५ × ५ चं भोक पाडून त्याला ६ इंची पाइप जोडा, काठाची फट पत्र्याच्या चकतीने आणि मातीने बंद करा. असं केल्यावर सगळा वायू धुराड्याच्या बाजूने पळायला बघतो, तर त्या बाजूला पातेल्याची फट जराशी कमी ठेवायची आणि समोर जराशी जास्त. पाइप छपराच्या दोन फूट तरी वर न्या आणि वर टोपी बसवा.

नळ बसवायचा असेल तर पातेल्याला बुडाजवळ अर्धा इंची लोखंडी पाइप जोडून बॅरलबाहेर काढा, प्लास्टिकचा नको. पातेल्याचं तोंड मात्र कायम मोकळं. जुन्या गीझरची बंद टाकी बसवायची आयडिया बऱ्याच जणांना सुचते, बंद टाकीत वाफ कोंडली तर तो बॉम्बच आहे.

ज्यांच्याकडे तांब्याचा जुना बंब पडलाय, टाकी शाबूत पण खालची जाळी सडलेली, त्यांनी तो मोडीत घालू नका. रॉकेटच्या नळीवर तो सरळ बसवता येतो, जाळ बंबाच्या मधल्या नळीतून वर जातो. फक्त माप त्या नळीचं धरायचं. नळी ४ इंची असेल तर तिचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच, मग तुमचा बोगदा साडेतीन × साडेतीनचा. नळीत पत्र्याची पीळ दिलेली पट्टी सोडली की वायू गिरक्या घेत जातो आणि पाणी लवकर तापतं.

जाळी, वाळवण, पेटवण

तोंडात जळण ठेवायला लोखंडी पट्टी किंवा सळयांची जाळी, तळापासून दीड इंच वर. खालून हवा जाणार, वरून काटक्या. ती पक्की बसवू नका, जाळाने झिजते, ओढून काढता आली पाहिजे.

बांधून झाल्यावर आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. मग रोज थोड्या काड्यांचा बारीक जाळ, पातेल्यात पाणी ठेवूनच. कड्याच्या आतल्या बाजूला दव धरायचं थांबलं की ओल गेली. भेगा पडतील, त्या पातळ गाऱ्याने भरा.

पेटवताना नारळाचं सोडण, पाचट किंवा कागद आत सारून त्यावर करंगळीएवढ्या काड्या. दोन-तीन मिनिटांत जाळ आडवा होऊन आत ओढला जातो आणि हलका घुर्र असा आवाज यायला लागतो. तो आवाज आला की अंगठ्याएवढी चार-पाच लाकडं लावा, फक्त टोकं जळू द्यायची आणि जळतील तशी पुढे सारायची. तोंड निम्म्याच्या वर कधी भरू नका. आच वाढवायची तर फुंकणीला हात लावायची गरज नाही, एक काटकी जास्त लावा.

पऱ्हाट्या, तुरकाट्या, बाभळीच्या फांद्या, मक्याची बुरकुंडं, करवंट्या, सगळं चालतं, जाड ओंडके मात्र फोडून घ्यावे लागतात. काजूची टरफलं नको, त्यातल्या तेलाचा धूर फार झोंबतो. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, पेटवायला प्लास्टिकची पिशवी, हेही नको. आणि ओलं लाकूड: त्यातल्या एकेक लिटर पाण्याची वाफ करायला २२०० किलोजूलच्या वर जातात, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा तिसरा हिस्सा तिथेच गेला. कोकणातल्यांनी मे महिन्यातच सरपण माळ्यावर चढवून ठेवा.

धूर तोंडातून उलटा येतोय? चूल अजून गार असेल, नाहीतर फटीत काजळी साचलीय, नाहीतर पातेलं खाली बसलंय. जाळ चांगला पण पाणी तापत नाही? फट मोठी झाली. पाणी तापल्यावरही पातेल्याचं बूड मऊ काळ्या काजळीने माखत असेल तर जळण ओलं आहे किंवा तोंडात फार कोंबलंय.

खोलीचा हीटर पाहिजे असेल तर

हिमाचलमध्ये किंवा परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. आगीचा भाग असाच, पण नळी तीन फूट किंवा जास्त उंच, तिच्यावर बॅरल उलटी घालतात आणि मधे दीड-दोन इंच फट सोडतात. बॅरलमधून निघालेला वायू माती-पेंढ्याच्या बाकड्यातून पाइपने फिरवून मग धुराड्यात सोडतात, बाकडं रात्रभर कोमट राहतं. इथे जड माती पाहिजेच, फक्त ती आग संपल्यानंतरच्या रस्त्यावर. इयान्टो एव्हन्स यांनी ओरेगॉनमध्ये हा प्रकार रुजवला. हे घरात बांधायचं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायलाच लागतो, आणि तिकडे स्थानिक बांधकाम नियम आणि घराचा विमा आधी विचारून घ्या.

निगा

राख रोज काढायची, दोन मूठच निघते. महिन्यातून एकदा पातेलं उचलून बूड आणि कडं तारेच्या ब्रशने घासा, काजळीचा थर उष्णता अडवतो. पाणी संपल्यावर जाळ चालू ठेवू नका, जर्मन ६६० अंशांना वितळतं, आणि डाग दिलेलं तांब्याचं भांडं असेल तर डाग त्याच्या कितीतरी आधी सुटतो. पावसाळ्यात वर पत्रा आडवा टाकून ठेवा, कारण राख एकदा भिजली की वाळायला दिवसच्या दिवस जातात आणि तोवर चूल धुपत राहते. बॅरल खालून गंजली तर आतलं सगळं तसंच ठेवून बाहेरून विटांचा एक थर रचून टाका, बॅरल काढायची गरज पडत नाही.